योसेमिटीचं विल्डरनेस परमिट : तळ्याचं नव्हे, वाटेच्या तोंडाचं

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये तंबूत राहायचे दोन प्रकार आहेत आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या आपल्या मंडळींत त्यांची हमखास गल्लत होते. एक म्हणजे गाडी लावतो तिथलंच कॅम्पग्राउंड : टेबल, नळ, शेगडी आणि शेजारच्या तंबूतल्या पोरांचा दंगा. दुसरा म्हणजे पाठीवर बिऱ्हाड टाकून मैलोगणती आत चालत जायचं आणि जिथे रस्ता नाही, नळ नाही, तिथे रात्र काढायची. हे परीक्षण दुसऱ्या प्रकाराला लागणाऱ्या परमिटचं आहे. कॅम्पग्राउंडच्या बुकिंगबद्दल लिहायला बसले तर भाषा बिघडेल, म्हणून तो विषय नको.

परमिट कोणाला लागतं? आत एक रात्र जरी काढायची असली तरी लागतं, वर्षाचे बारा महिने. दिवसभर चालून संध्याकाळी गाडीकडे परत येणाऱ्यांना लागत नाही, फक्त हाफ डोम या उभ्या कातळी डोंगरावरच्या केबल्स धरून चढायचं असेल तर त्यांचं वेगळं काढावं लागतं. साताऱ्याचा माझा आतेभाऊ इकडे आला होता, त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "ताई, मग बरंय की. आपल्या वासोट्याला तर मुक्कामच बंद." त्याचं खरं आहे. बामणोलीहून बोटीनं शिवसागर ओलांडायचा, वनखात्याची परवानगी काढायची, गड बघायचा आणि संध्याकाळच्या आत माघारी. रात्रीचा विषयच नाही. कासच्या पठारावरही फुलांच्या दिवसांत ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाची मर्यादा आलीच. गर्दीपुढे दोनच उपाय असतात : मोजून आत सोडा किंवा दार बंद करा. योसेमिटीनं सत्तरच्या दशकातच मोजायचं ठरवलं, आणि ते ज्या पद्धतीनं मोजतात ती मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

तिथे तळ्याकाठच्या जागा मोजत नाहीत, वाटेच्या तोंडाशी माणसं मोजतात. ग्रँड कॅन्यनसारख्या ठिकाणी कोणत्या रात्री कुठे झोपणार ते आधीच लिहून द्यावं लागतं आणि मग तसंच चालावं लागतं, पाय दुखोत की पोटरी धरो. योसेमिटीत तुमचं परमिट एका ट्रेलहेडचं, म्हणजे वाटेच्या तोंडाचं, आणि एका तारखेचं असतं. त्या दिवशी त्या वाटेनं आत शिरायचं, पहिली रात्र त्या ट्रेलहेडच्या नियमाप्रमाणे काढायची आणि पुढे आपल्या मर्जीचे मालक. तळं आवडलं तर आणखी एक रात्र राहा, नाही आवडलं तर पुढे चला. यान व्हॅन वॅगटेनडाँक या पार्कच्याच शास्त्रज्ञानं त्या काळात हे गणित बसवलं : लोकांनी परमिटवर लिहिलेल्या मुक्कामांवरून कोण कुठून शिरतं आणि किती आत जातं ते बघितलं, संगणकावर त्याची नक्कल चालवली, आणि आतल्या भागाला सोसेल एवढीच माणसं प्रत्येक तोंडातून सोडायची असं ठरवलं. पार्कचा जवळपास ९५ टक्के भाग १९८४ पासून कायद्यानं विल्डरनेस, म्हणजे जसंच्या तसं राखलेलं रान, आहे. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक तळ्याकाठी चौकीदार बसवण्यापेक्षा दारावर मोजणं सोपं.

हे एकदा डोक्यात बसलं की परमिट मिळवायची रीतच बदलते. "आम्हाला क्लाउड्स रेस्टच्या शिखरावर जायचंय" असं म्हणून बसणारे सनराइज लेक्सच्या ट्रेलहेडवर तुटून पडतात आणि हात हलवत परत येतात. क्लाउड्स रेस्टला जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. नकाशा उघडा, बोटानं वाट मागे मागे न्या आणि ती आणखी कुठून कुठून सुरू होते ते बघा. कॅथीड्रल लेक्स, हॅपी आइल्स, लायल कॅन्यन ही नावं सगळ्यांना ठाऊक, म्हणून तिथे झुंबड. मर्फी क्रीक, मोनो मेडो, योसेमिटी क्रीक ही नावं ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी घेत नाही. जागा तिथेच असतात.

आता प्रत्यक्ष बुकिंग. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतच्या दिवसांसाठी सगळं रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर चालतं. प्रत्येक ट्रेलहेडच्या रोजच्या कोट्यातल्या ६० टक्के जागा २४ आठवडे आधीच्या साप्ताहिक सोडतीत जातात, उरलेल्या ४० टक्के सात दिवस आधी सकाळी सातला खुल्या होतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत अर्ज फॅक्सनं जायचे आणि ४० टक्क्यांसाठी आदल्या दिवशी प्रत्यक्ष रांग लावायची. ती रांग ज्यांनी भोगलीय ते आजच्या व्यवस्थेला नावं ठेवत नाहीत. रांगेतला गप्पांचा भाग मात्र गेला, हेही खरं.

सोडत रविवारी सुरू होते, शनिवारी रात्री बंद होते. सोमवारी निकाल. लागली तर गुरुवारपर्यंत स्वीकारून पैसे भरायचे. ज्यांनी स्वीकारलं नाही त्यांच्या आणि मुळातच उरलेल्या जागा शुक्रवारी सकाळी सगळ्यांसाठी खुल्या होतात. हा शुक्रवार पुष्कळांना माहीतच नसतो. एका अर्जात तारखा आणि ट्रेलहेड पसंतीच्या क्रमानं भरता येतात, तेव्हा पहिल्या पसंतीला हवं ते मागा आणि पुढच्या ओळींत मंगळवार-बुधवार आणि कमी नावाजलेल्या वाटा भरा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यासाठी हा सगळा उद्योग फेब्रुवारीत करावा लागतो. इथेच माझी पहिली तक्रार. फेब्रुवारीत मुलीच्या उन्हाळी क्लासचं वेळापत्रक ठरलेलं नसतं, नवऱ्याच्या ऑफिसमध्ये पुढच्या महिन्याचं सांगवत नाही, आणि साताऱ्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या व्हिसाची तर मुलाखतही झालेली नसते. माणसाला आयुष्य आहे हे या सोडतीनं गृहीतच धरलेलं नाही.

दुसरी तक्रार पैशांची. सोडतीच्या अर्जाचे १० डॉलर लागली नाही तरी परत मिळत नाहीत. लागली की माणशी ५ डॉलर वेगळे. चौघांचे मिळून ३० डॉलर होतात आणि कितीही रात्री राहिलात तरी तेवढेच, त्यामुळे मिळालं तर हा सौदा स्वस्तच म्हणायचा. नाही मिळालं तर मात्र १० डॉलर देवाला वाहिले समजायचे. पार्कमध्ये गाडी नेण्याचे ३५ डॉलर निराळे. वर्षाचा पास असेल तर तो चालतो.

मला स्वतःला सात दिवस आधीचा मार्ग जास्त मानवतो. हवामान बघता येतं, घरच्यांच्या सुट्ट्या पक्क्या झालेल्या असतात, धुराचा अंदाजही आलेला असतो. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात तो बघावाच लागतो. शुक्रवारी आत शिरायचं असेल तर आदल्या शुक्रवारी सातच्या आधी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसायचं. लॉग इन केलेलं हवं, कार्डाचा नंबर भरलेला हवा. आणि माणसांचा आकडा आधी टाकायचा, कारण तो टाकल्याशिवाय तक्त्यात शिल्लक जागा दिसतच नाहीत. चौघांसाठी बघताना सगळं भरलेलं दिसलं, तर दोघांसाठीही बघून ठेवावं, दोन कुटुंबं दोन वाटांनी शिरून आत भेटू शकतात. आम्ही तसं केलंय. दुसऱ्या दिवशी तळ्यावर भेटलो तेव्हा त्यांच्याकडे चिवडा होता आणि आमच्याकडे साखर, म्हणजे वाटणीही बरोबर झाली होती.

अर्जात मुख्य माणसाबरोबर पर्यायी म्होरक्याचं नाव घालायला विसरू नका. परमिट हातात घ्यायला यांपैकीच कोणीतरी ओळखपत्रासह हजर लागतं. ईमेल आली म्हणजे परमिट मिळालं असं नाही, ती नुसती राखीव जागा. खरा कागद विल्डरनेस सेंटरच्या खिडकीवर मिळतो, आदल्या दिवशी किंवा निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत. दहापर्यंत पोचला नाहीत आणि उशीर होईल असं कळवलंही नाहीत, तर जागा गेली. फ्रीमाँटहून पहाटे निघून पार्कच्या उंचावरच्या टुआलमी मेडोजला दहाच्या आत पोचणं जमतं, पण गाडीतल्या कोणाशी भांडण न होता जमत नाही.

त्यावरचा तोडगा त्यांनीच देऊन ठेवलाय आणि तो मला फार आवडतो. परमिट असलं की आदल्या रात्री, आणि बाहेर आल्यावरही एक रात्र, बॅकपॅकर्स कॅम्पमध्ये राहता येतं. आधी बुकिंग नाही, माणशी ८ डॉलर. ज्या पार्कमध्ये कॅम्पग्राउंडची जागा मिळवायला लोक महिनोन्‌महिने टपून बसतात, तिथे ही सोय म्हणजे चैनच. शिवाय टुआलमी ८,६०० फुटांवर आहे. समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसानं तिथे एक रात्र झोपून मग चालायला लागणं प्रकृतीला चांगलं. ज्यांचं डोकं उंचीवर दुखतं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता खिडकीबद्दल. ऑनलाइन परमिट सरळ ईमेलनं का पाठवत नाहीत, असं बरेच जण विचारतात. मीही विचारायचे. टुआलमीच्या विल्डरनेस सेंटरमध्ये पाचेक मिनिटं उभं राहिलं की उत्तर मिळतं. आमच्या वेळी खिडकीपलीकडे एक रेंजरबाई होत्या, पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, हसत हसत प्रश्न विचारणाऱ्या. कुठून शिरणार, पहिली रात्र कुठे, अन्न कशात ठेवणार, शौचाला कुठे जाणार? हा शेवटचा प्रश्न माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला थेट विचारला, कारण त्यांच्या मते कंटाळा करण्याचा संभव तिचाच जास्त. पाण्यापासून १०० फूट लांब, सहा इंच खोल खड्डा, कागद पुरायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. १०० फूट म्हणजे किती, ते त्यांनी तिला पावलं मोजून दाखवायला लावलं. आपल्याकडच्यांना पाण्याची सवय असल्यानं कागदाची भानगड कमी, पण पाणी तळ्याकाठी नाही वापरायचं, भांड्यात घेऊन लांब न्यायचं.

आम्हाला यंग लेक्सचं परमिट मिळालं होतं, डॉग लेकच्या वाटेनं. नकाशावर बोट ठेवून बाईंनी सांगितलं की खालच्या तळ्याकाठी सगळे थांबतात, अंगात जोर असेल तर वर जा. दुपारी ढग जमायला लागले तर उघड्यावरून खाली या. चूल पेटवायची नाही, कारण ९,६०० फुटांच्या वर सगळ्या पार्कमध्ये बंदी आणि तळी त्याच्याही वर. वाळलेलं लाकूड तिथे मुळातच कमी आणि ते कुजून मातीत जायला फार काळ लागतो. हे सगळं वेबसाइटवर आहेच की. पण वेबसाइट माझ्या नवऱ्यानं वाचली नव्हती, आणि खिडकीपुढून ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. या सेवेत पाचातले पाच गुण मी कशाला देत असेन तर या खिडकीला.

अस्वलांचा डबा, म्हणजे बेअर कॅनिस्टर, ही परमिटची अट आहे. जाड प्लास्टिकचं पिंप, अस्वलाला न उघडणारं आणि थंडीत बोटं बधिर झाली की माणसालाही न उघडणारं. आपल्याकडे नसेल तर तिथेच थोडक्या भाड्यात मिळतं. अन्न झाडाला टांगणं योसेमिटीत चालत नाही, अस्वलं त्यात केव्हाच तरबेज झाली. रात्री पिंप तंबूपासून लांब, जमिनीवर ठेवायचं. उताराच्या कडेला किंवा पाण्याकाठी नाही, नाहीतर अस्वल ते उघडत नाही पण गडगडत नेतं आणि सकाळी नाश्ता तळ्याच्या तळाशी.

यात फक्त जेवण नाही, वास येणारं सगळंच जातं : टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, कचऱ्याची पिशवी. आता आपल्या स्वयंपाकात वास न येणारं काय असतं ते सांगा. हिंगाची डबी घातली तेव्हा नवरा म्हणाला, "राहू दे बाहेर, अस्वल पळून जाईल." घातलीच. जागेचा हिशेब असा : भडंग, चिवडा, कुरमुरे म्हणजे नुसती हवा, ते पहिल्या दिवशी दुपारीच संपवायचे. दशम्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खोबऱ्याची चटणी, भाजून ठेवलेला उपम्याचा रवा, मेतकूट आणि तांदूळ ही घट्ट मंडळी तळाशी. तूप छोट्या बाटलीत. कोरडं सूप आणि चहाची पूड फटींत. आई एसटीच्या प्रवासाला डबा भरायची तसं दाबून भरलं की चौघांचं दोन रात्रींचं दोन पिंपांत बसतं. पहिल्या रात्रीचं जेवण पिंपात नाही बसलं तरी चालेल असं काही जण समजतात. चालत नाही, रात्र पडताना तुमच्याकडचं सगळं आत हवं. गाडीतही काही ठेवायचं नाही. ट्रेलहेडवर लोखंडी पेट्या असतात त्यांत टाकायचं, पोरांच्या सीटखालचा बिस्किटांचा चुरासुद्धा झाडून.

आत गेल्यावर परमिट कोणी बघतं का? बघतात. उतरताना वाटेवर एक रेंजर भेटले, कागद बघितला, पिंपावर टिचकी मारली, तळ्याकाठी डास किती आहेत ते आम्हालाच विचारलं आणि वर निघून गेले. डासांबद्दल सांगायचं तर जुलैत ते होते, आणि भरपूर.

हाफ डोमचं थोडक्यात. विल्डरनेस परमिट घेताना वाट त्या बाजूनं जात असेल तर हाफ डोमही त्यातच मागता येतं, माणशी आणखी १० डॉलर. केबल्सवर दिवसाला ३०० माणसं सोडतात, त्यांतली ७५ मुक्कामी चालणाऱ्यांसाठी ठेवलेली. लिटल योसेमिटी व्हॅलीत रात्र काढून पहाटे चढलात तर खालून धापा टाकत येणाऱ्या दिवसाच्या गर्दीआधी वर असता. पण हॅपी आइल्सचं परमिट मिळणं फार दुर्मीळ. तेवढ्यासाठी वर्षं घालवू नयेत. जॉन म्यूर ट्रेल ही पार्कबाहेर दूरवर जाणारी लांब वाट पूर्ण करणाऱ्यांना डोनोह्यू खिंडीतून बाहेर पडायचा वेगळा कोटा लागतो, दिवसाला ४५ माणसं, आणि तो सोडतीतला खरा जुगार.

नोव्हेंबर ते एप्रिलच्या अखेरीपर्यंत आरक्षणाची गरज नसते, परमिट मात्र लागतंच. टायोगा रोड तेव्हा बर्फानं बंद, म्हणजे टुआलमीला गाडी जात नाही. बर्फात राहायचं शिक्षण नसेल तर मोहात पडू नका.

एकूण गुण पाचांपैकी चार. एक कापला तो हरलेल्या अर्जाचे पैसे ठेवून घेण्याबद्दल आणि २४ आठवड्यांच्या हट्टाबद्दल. शनिवार-रविवार सोडून रजाच मिळत नाही अशांनी तीनच समजावेत, कारण त्यांच्या वाट्याला उरतं ते सगळ्यांनाच हवं असलेलं. निवृत्त मंडळींना आणि घरून काम करणाऱ्यांना पाचही.

पहिल्यांदाच जाणार असाल, बरोबर मुलं असतील, तर टुआलमीच्या परिसरातली एखादी वाट धरा जिथे पहिल्या दिवशी सहा-सात मैलांच्या आत तळं येतं. टुआलमीपासून चार मैल आणि कुठल्याही रस्त्यापासून एक मैल लांब गेल्याशिवाय तंबू टाकता येत नाही, तेवढं चालणं अंगात हवं. टेन लेक्सची वाट आजीआजोबांबरोबर नको, चढ आहे. यंग लेक्सची वाट त्या मानानं समजूतदार, आणि चढून थोडं वर आलं की मागे वळून कॅथीड्रल रेंज सबंध दिसते, तिथे पाण्याची बाटली काढायचं निमित्त आपोआप मिळतं. पाणी गाळायचं फिल्टर घ्या, रात्रीसाठी कानटोपी घ्या, जुलैतही. तारीख निवडायची मुभा असेल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरा. तोवर डास बरेच कमी झालेले असतात.